शीले, पदर खोचलेला होता

शीले,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला एवढी गर्दी झाली, की मंडपवाल्यानं अख्ख्या परतूरच्या लग्नाकार्यांच्या सतरंज्या उचलून आणल्या तरी निम्म्या बाया उभ्याच. माझ्या मनात दुःख होतंच, न्हाई कशाला म्हणू. पण त्याच्या शेजारी मांडी घालून दुसरंच काहीतरी बसलं होतं. मी गेले तर एवढी माणसं येतील का? आमचे हे बाजूला होते, त्यांनाच विचारलं. जरा विचार करून म्हणाले, "सुगीत जाऊ नको म्हंजे झालं."

समोर तुझा फोटो. हारांच्या आत मान किंचित वळवून हसून राह्यली होतीस. जसा काही फोटोवाल्यानं चेंडू फेकला आणि तू चुकवला. फोटोतसुद्धा तू सापडत न्हाईस, बाई.

वंदना झाली, भन्तेजी बोलले, मंग एकेक जण माइककडं निघाला. कुणाला तू घडवलं होतंस, कुणाला आईसारखी होतीस. तिथवर मी सोसलं. पण एक रिटायर गुरुजी उठले आणि म्हणाले, "वाटूर फाट्यावर बाया डॉजबॉल खेळायच्या. तिथं एकदा मी गंमत म्हणून फेकलेला चेंडू शीलाबाईंना लागला होता."

माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की मंडपाला आग कशी लागली न्हाई याचं नवल. तुला? चेंडू? ह्या माणसाचा? तुझ्यावर आख्ख्या जगात सगळ्यात जास्त चेंडू मी फेकलेत. परतूर, मंठा, जालना ह्या तिन्ही रस्त्यांवर मिळून जेवढे खड्डे नसतील तेवढे मी फेकलेत. त्यातला एक लागला का न्हाई, हे ठरायचं अजून बाकी आहे. आणि हा गृहस्थ आयत्या वेळेला येऊन म्हणतो, माझा लागला!

नंतर कुणीतरी म्हणालं, "इंदूबाई, तुम्ही दोन शब्द बोला." मी गेले आणि खरंच दोनच शब्द बोलले. "चांगली होती." आणि येऊन बसले. लोक बघतच राहिले, कारण मला नुसता नमस्कार करायला अर्धा तास लागतो हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. तिथं न बोललेलं इथं लिहून राह्यले.

एक्याऐंशी साली आपण दोघी वाटूरजवळच्या त्या दोनखोली शाळेवर एकाच दिवशी हजर झालो. मी जालन्याहून, मस्तगडच्या सासरहून, तू परतूरहून. पहिली-दुसरी तुझ्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. तिथूनच माझं जळणं चालू झालं. तुझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची, आणि माझ्या वर्गात छप्पर पडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पोरं तुझ्याकडून पास होऊन माझ्या वर्गात यायची आणि पहिला महिनाभर दाराकडं बघत रडायची. साहेब तपासणीला आले की तुझ्या फळ्यावरच्या अक्षराकडं बघून मान डोलवायचे आणि माझ्या फळ्यावर आले की चष्मा पुसायचे.

शनिवारी सकाळची शाळा. सुटली की आपण चालत वाटूर फाट्यावर. तिथं आसपासच्या सगळ्या शाळांच्या बाया जमायच्या. आणि मंग बस. मंठ्याची, जालन्याची, परतूरची. ज्या बसला ज्या वेळी यायचं असेल त्या वेळी ती यायची न्हाई, एवढं एकच वेळापत्रक पक्कं होतं. स्टँडच्या मागं मोकळं रान, कडेला चाचांचं हॉटेल आणि बसायला एक मोडकं बाकडं. त्यावर चार बाया मावायच्या, बाकीच्या उन्हात.

जालन्याच्या एका शिबिरात आपल्याला डॉजबॉल शिकवला होता, आठवतं? शिकवणारे सर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले होते आणि तू हळूच म्हणालीस, "इंदे, ही तर आपली आबाधुबीच. फकस्त मधी रेघ ओढली." त्याच्या पुढच्याच शनिवारी तू फाट्यावर चपलेच्या टाचेनं रेघ ओढलीस. शाळेचा व्हॉलीबॉल मी आणला होता, निम्मी हवा काढून, म्हंजे लागला तरी हाड मोडणार न्हाई. ज्या रस्त्याला जायचं त्या रस्त्याचा संघ. मंठा रोड, परतूर रोड, जालना रोड. एका शाळेत खुर्चीला खुर्ची लावून बसणाऱ्या आपण दोघी फाट्यावर आलो की दुश्मन.

नियम साधे. मानेखाली चेंडू लागला की बाद. मानेच्या वर मारला तर मारणारीच बाद. फेकलेला चेंडू कुणी झेलला तर फेकणारी बाहेर, आणि झेलणारीच्या संघातली एक बाहेर गेलेली परत आत. पंच न्हाई. जिला लागला तिनंच हात वर करून म्हणायचं, "लागला." आणि सगळ्यात मोठा नियम: आपल्या रस्त्याची बस आली की खेळ सोडायचा. चाचा भट्टीवरून ओरडायचे, "मंठा आ गई! मंठावाल्या बाई, जल्दी!" आणि जिंकत आलेला संघ पिशव्या उचलून पळायचा. कितीतरी सामने आम्ही नुसते बस उशिरा आल्यामुळं जिंकलो.

आता माझा हात. लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवायची. माझा दगड सुटला की पाखरं उडायची न्हाईत, खाली बसून माफी मागायची. तोच हात फाट्यावर कामाला आला. एकदा माझा चेंडू मंठ्याच्या बसच्या ह्या खिडकीतून आत गेला आणि त्या खिडकीतून बाहेर आला. मधल्या मधी कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट फाडलं होतं. चाचांच्या एका कोंबडीनं तर माझं फेकणं नुसतं पाहून दोन दिवस अंडं दिलं न्हाई. ह्यात कुणाला शंका असेल त्यानं त्या कोंबडीला विचारावं.

आणि तुला फेकता येत नव्हतं. बिलकुल न्हाई. तू फेकलेला चेंडू हवेत विचार करत यायचा. पण चुकवायला लागलीस की चाचांच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं बशीतला चहा तसाच धरून उभी राहायची. मी फेकायची, सगळे तुला बघायचे! रानात घाम मी गाळायचा, आणि "वाहवा शीलाबाई!" माझ्या अंगावर तीन दिवसांची धूळ, आणि तू फणी फिरवून आल्यासारखी. परतूरची बस आली की त्या टोकाला तुझा नवरा सायकल घेऊन उभा असणार, उन्हाळ्यात छत्रीसकट, हेही मला माहीत होतं. आमच्या ह्यांना मी कुठल्या बसनं येते हे विचारलं असतं तर म्हणाले असते, "यष्टीनं."

आपलं भांडण तिथंच लागलं. मी म्हणायची, "खेळ फेकण्याचा हाय. कुणी फेकलंच न्हाई तर तू चुकवणार काय, वारा?"

तू म्हणायचीस, "फेकायला तर दगडाला बी येतंय, माय. चुकवायला शिक. चेंडूकडं बघू नको. चेंडूला काही माहीत नसतं. फेकणारीचा खांदा बघ, तो आधीच सांगून टाकतो."

"माझा खांदा काय सांगतो?"

"सगळंच. तुझा खांदा तर तुझ्यापेक्षा जास्त बोलतो."

आणि पाठ फिरवू नको म्हणायचीस. पळणाऱ्या बाईची पाठ म्हंजे वाड्याचा दरवाजा, कुणीबी यावं आणि ठोकावं. रेघेपासून लांब राह्य, गुडघ्यात वाक, वजन टाचेवर ठेवू नको. झेलायचा असला तर हातात न्हाई, पोटाशी घे, रडतं लेकरू घेतल्यासारखा. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस आणि मी एकदाबी शिकले न्हाई. माझ्या अंगावर चेंडू आला की मी त्याच्या अंगावर जायची. दर सामन्यात पहिली बाद मी तरी व्हायची, न्हाईतर समोरच्या सगळ्या.

मंग पदराचं प्रकरण निघालं. सगळ्या साडीतल्या बाया. चेंडू कधी निऱ्यांत अडकायचा, कधी पदराला घासून जायचा. लागला का न्हाई? मंठा रोडच्या लताबाई आपल्यात वडीलधाऱ्या, त्यांनी बाकड्यावर बसून निवाडा दिला: "निऱ्या म्हंजे अंग. खोचलेला पदर म्हंजे अंग. सुटलेला पदर म्हंजे कापड. कापडाला बाद न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी त्याच दिवसापासून पदर घट्ट खोचले, आणि तू सोडलास! मी तिथंच ओळखलं. पोळ्याच्या बैलाची झूल हलावी तसा तू तो पदर एका बाजूला हलवायचीस आणि फेकणाऱ्या भोळ्या बाया त्याच्यावर नेम धरायच्या. चेंडू कापडातून जायचा आणि तू दुसऱ्याच बाजूला, लवंग तोंडात टाकत उभी. तुझी सावली चेंडू लागल्यावर बाद व्हायची, तू न्हाई.

मलाबी ते जमेल म्हणून एकदा मी पदर सोडला. माझ्याच पायात आला आणि चाचांच्या पाण्याच्या रांजणावर जाऊन पडले. रांजण फुटला. तू हसता हसता रेघेवर बसलीस, आणि तेवढ्यात मी तुला चेंडू मारला. तो तू बसल्या बसल्या झेललास.

आता त्या शनिवारावर येते. सुट्टीच्या आधीचा शेवटचा. वर्षभरात जो रस्ता सरस त्याला स्टीलचा झाकणाचा डबा, आणि हरलेल्यांनी तो धपाट्यांनी भरून द्यायचा, ही आपली पद्धत. मंठा रोड आधीच गळाला होता. शेवटी रानात राहिलो आपण दोघी. इकडं मी, तिकडं तू, तुझा पदर घडीत खोचलेला, घडीत सुटलेला, चेंडू माझ्या हातात. आणि परतूरची बस येऊन उभी राहिली.

चाचा ओरडले, "परतूर! परतूर! शीलाबाई, गाडी आ गई!"

ड्रायव्हर बहुतेक तूच शिकवलेल्या कुण्या पोराचा बाप असणार. त्यानं बस बंद केली आणि म्हणाला, "होऊ द्या बाई, बघतो." सगळी बस खिडक्यांतून बाहेर लोंबली. लताबाई बाकड्यावर उभ्या राहिल्या, आणि बाकड्यानंही त्या दिवशी अब्रू राखली.

मी खांद्याला गप्प बसवलं. जन्मात पहिल्यांदा. सगळं बळ मनगटात ठेवलं आणि खालून, गुडघ्याच्या उंचीनं, गोफणीचा शेवटचा वेढा सुटावा तसा सोडला. तू उजवीकडं झुकलीस. चेंडू वाकडा झाला. कमरेशी पदराला धडकला, असा आवाज आला की ओलं धुणं दगडावर आपटावं.

"लागला!" मी ओरडले.

तू हात वर केला न्हाईस. खाली पदराकडं बघितलंस, मंग माझ्याकडं. "सुटला होता."

"खोचलेला होता! खोचलेला होता म्हणून तर आवाज आला!"

"सुटला होता, इंदे. आता आता सुटला."

"चेंडूनं सुटला! आधी खोचलेलाच होता!"

लताबाईंना दिसलं नव्हतं, त्या बाकड्यावरून पडू नये म्हणून खाली बघत होत्या. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय माहीत बाई, माझा चहा उतू गेला." बसमध्ये डाव्या खिडकीतले म्हणाले खोचला होता, उजव्या खिडकीतले म्हणाले सुटला होता. ती बस परतूरपर्यंत भांडत गेली, हे तूच सोमवारी सांगितलंस. डबा लताबाईंनी चाचांकडं ठेवायला दिला, निकाल लागेपर्यंत. चाचांनी त्यात खारी भरली.

निकाल लागलाच न्हाई. पुढं बदल्या झाल्या, तू मुख्याध्यापक झालीस (मी न्हाई झाले, त्यावरही मी जळले, तो हिशोब वेगळा), आणि फाट्यावर काळी-पिवळी जीप आली. हात केला की थांबते, कोंबून भरते आणि निघते. कुणी कुणाची वाट बघायला थांबेना. वाट बघणं गेलं आणि आपला खेळ गेला. पण आपण दोघी कुठंबी भेटलो, सभेत, लग्नात, बाजारात, तरी नमस्कार न्हाई, कशी आहेस न्हाई. मी लांबूनच, "खोचलेला होता." आणि तू तिकडून, "सुटला होता." मंग बाकीचं बोलणं. तुझ्या लेकीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन आपण हे बोललो आणि तुझ्या व्याह्यांना वाटलं, मानपानाचं काहीतरी बिनसलं. घरी मी ह्यांना ऐकवायची, पुन्हा पुन्हा, बसच्या खिडक्यांसकट. हे पेपर वाचत हूं हूं करायचे. तुझा नवरा म्हणे सामन्याचं सगळं विचारायचा. आमचे हूं.

आणि मंग जालन्याचा दवाखाना. मी घरून पाठ करून निघाले होते: दार उघडलं की आधी "खोचलेला होता." पण तू खाटेवर इतकीशी झाली होतीस, की तुझ्यावर आता कुणाचाच नेम बसला नसता. अंगात मॅक्सी. ना निऱ्या, ना पदर. मी दारातच उभी राह्यले.

तूच म्हणालीस, "बस, इंदे." मंग मी टेकल्यावर, "खोचलेलाच होता गं. तुझा चेंडू लागला होता मला."

एवढी वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी जळले, शीले. ते ऐकलं तर काय काय करीन हे ठरवून ठेवलं होतं. तो डबा शोधून आणीन, त्यात धपाटे भरून घेईन, मस्तगडात हलगी वाजवीन. आणि तू ते वाक्य असं सरळ माझ्या छातीवर फेकलंस. तू, जिला फेकता येत नव्हतं! मला दिसलं ना, तुझा खांदा आधीच सांगून राह्यला होता. मी हे घेतलं तर मी जिंकले, सामना संपला. आणि सामना संपला की बाद झालेलीनं रानाबाहेर जायचं असतं.

मी म्हणाले, "बिलकुल न्हाई. सुटला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यला."

"अगं, लागला होता. मला लागला, तर मला कळंल का तुला?"

"मला. फेकला मी होता. उगी आजारपणात खोटं बोलू नको."

"इंदे..."

"सुटला होता म्हणजे सुटला होता. कापडाला बाद न्हाई."

दारातून तुझी लेक धावत आली. "मावशी, काय भांडून राह्यलात? आईला बोलायची मनाई आहे."

तू डोळे मिटले होतेस. पोटावरचा हात हलत होता, म्हंजे हसत होतीस. आणि पुटपुटलीस, "शिकली गं बाई. शिकली एकदाची चुकवायला."

त्यानंतर आपलं बोलणं न्हाई झालं.

मी तेव्हापासून विचार करून राह्यले. तुला खरंच लागला होता, का जाता जाता मला जिंकवून जायचं तुझ्या मनात आलं? लागला असेल तर तू एवढी वर्षं हात वर केला न्हाईस, आणि मला तुझ्यावर रागवायचा हक्क आहे. आणि लागला नसेल, तर मरणाच्या दारात बसून तू दुसरीला जिंकवायला निघालीस, आणि मला तसं कधीच सुचलं नसतं. दोन्हीकडून जळायचं मलाच. तुझ्यासारखं एकदा तरी वागावं म्हणलं, तर तिथंही तू आधी जाऊन उभी.

परवा मंडपातून निघालो आणि जीप वाटूर फाट्यावर थांबली. चाचांचं हॉटेल रस्ता रुंद करताना गेलं. आपल्या रानावर आता मोबाइलची दुकानं, खतांची दुकानं. रेघ कुठं होती ते काही केल्या सापडेना. मला काय झालं माहीत न्हाई, खिडकीतून डोकं बाहेर काढून मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "खोचलेला होता!"

शेजारची बाई दचकून स्वतःचा पदर चाचपायला लागली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. आणि मी तशीच थांबले, कारण एवढं बोलल्यावर थांबायची सवय आहे, तिकडून उत्तर येतं.

जीप सुरू झाली.

"सुटला होता," हे म्हणाले. पेपरमधून मान वर न काढता.

बघ शीले. माझा नवरासुद्धा तुझ्याच बाजूनं.